मूल जोकरला घाबरलं, तर चुकलं कुणाचं?

मुक्ता_कोथरूड
गेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवस होता. भाड्याने जोकर बोलावला होता. पांढराफटक चेहरा, कानापर्यंत रंगवलेले लाल ओठ. माझा साडेतीन वर्षांचा भाचा थेट टेबलाखाली शिरला. मोठ्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं, "अरे घाबरतोस काय, शेकहँड कर" म्हणत जोकरच्या कडेवर दिलं आणि फोटो काढला. रात्री पोरगं दोनदा दचकून उठलं.

माझ्या मते त्याचं काहीच चुकलं नाही. समोरचा खूश आहे की चिडलाय, हे आपण चेहऱ्यावरून ओळखतो. रंगवलेलं हसू पुसलं जात नाही, त्यामुळे खाली काय चाललंय ते कळत नाही. वेल्समधल्या संशोधकांनी ६४ देशांतल्या ९८७ मोठ्या माणसांना विचारलं होतं. त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. निम्म्याहून जास्त लोकांनी थोडीफार भीती वाटते असं सांगितलं, आणि रंगाआडच्या भावना दिसत नाहीत हे त्यांनी सांगितलेलं एक ठळक कारण होतं. विश्वास कमावणं हे कलाकाराचं काम आहे, साडेतीन वर्षांच्या मुलाचं नाही.

तंबूतला_प्रेक्षक
साफ असहमत. आमच्या सांगली-मिरजेकडे सर्कस घराघरात माहीत. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत खेळ लावला, मग म्हैसाळच्या देवलांची सर्कस आली. जोकर म्हणजे तंबूतला सगळ्यात तरबेज माणूस. झुल्यावरून चुकल्यासारखा पडतो, पण ते पडणं झुला नीट येणाऱ्यालाच जमतं. जाळी बांधली जाईपर्यंत हजार माणसं तोच धरून ठेवतो. तो रंग का लावतो? मागच्या बाकावरच्या माणसालाही त्याचं तोंड दिसावं म्हणून!

ही भीती बाहेरून आलेली आहे. अमेरिकेत १९७८ साली पकडलेला एक खुनी जोकरचे कपडे घालून मुलांच्या कार्यक्रमांना जायचा. पुढे तिकडच्या भयकथांनी आणि सिनेमांनी जोकरच्या हातात सुराच दिला. तेच आपली मुलं मोबाइलवर बघतात. आमच्या लहानपणी दारात बहुरूपी यायचा, आम्ही आईच्या पदराआड लपायचो आणि पुन्हा डोकावायचो. थोडी भीती हवीच, त्यातच मजा असते.

मुक्ता_कोथरूड
काका, सिनेमांचं मान्य. वेल्सच्या अभ्यासातल्या त्या लोकांनी तेही कारण सांगितलंय. पण बाकीचं तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात. मागच्या बाकासाठी केलेला रंग हातभर अंतरावर आणला, तर तो अंगावरच येणार. आणि तुम्हाला लपायला पदर होता, कधी डोकवायचं ते तुम्ही ठरवत होतात. आमच्या पोराचं तर टेबलही काढून घेतलं.

लाल_नाक
मी सहा वर्षं मुलांच्या वॉर्डात विदूषक म्हणून जाते. न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली सर्कशीतल्या मायकेल क्रिस्टेन्सन यांनी हे काम सुरू केलं, आता जगभर चालतं. आम्ही पांढरा थर लावतच नाही. फक्त लाल नाक, आणि तेही मुलासमोर चढवायचं, म्हणजे आतला माणूस त्याला आधी दिसतो. दारात थांबून विचारायचं, "आत येऊ का?" मूल "नको" म्हणालं की निघायचं. "नको" ऐकून आम्ही एकमेकांवर आपटत पळत सुटतो. बरीच मुलं मग पुन्हा बोलावतात, परत हाकलायला! सुई, सलाइन, गोळ्या, कशालाच त्यांना नाही म्हणता येत नाही. निदान आम्हाला तरी येतं.

शक्यतो जोडीने जायचं. आम्ही दोघं एकमेकांशी भांडतो, मूल लांबून बघतं. त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही. आणि कधीच, कधीच उचलून घ्यायचं नाही.

वॉर्डातली_सिस्टर
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण सगळीकडे विदूषक नकोत. फ्लॉरेन्समध्ये ४० मुलांवर अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला. भूल देताना आई किंवा वडिलांबरोबर विदूषक असले की मुलांची धास्ती कमी झाली, हे खरं. पण तिथल्याच बहुतेक कर्मचाऱ्यांनी हे पुढे चालू ठेवायला विरोध केला, कामात व्यत्यय येतो म्हणून. आणि इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या संशोधकांनी २००८ साली चार ते सोळा वयाच्या अडीचशेहून जास्त मुलांना विचारलं, तर हॉस्पिटलच्या भिंतीवरची जोकरची चित्रंसुद्धा त्यांना नको होती.

लाल_नाक
सिस्टर, भिंतीवरचं चित्र "आत येऊ का" विचारत नाही, आणि नको म्हटलं तरी जात नाही. ऑपरेशन थिएटरचं मात्र पटलं. तिथे तुमचा शब्द शेवटचा. आम्ही रोज सकाळी आधी तुमच्याच टेबलापाशी येतो, कुठल्या खाटेकडे जायचं नाही ते विचारायला.

तंबूतला_प्रेक्षक
बाईंचं दारात थांबणं पटलं. पण वाढदिवसाचा जोकर बिचारा काय करणार? दिवसात तीन कार्यक्रम, त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि यजमानच पोर त्याच्या कडेवर ठेवतात. तो नको म्हणाला तर पैसे कापतील. मुक्ताताई, तुमच्या हॉलमध्ये चुकलं ते फोटो काढणाऱ्यांचं. सर्कशीतला रंग मात्र मी सोडणार नाही. तिथे कठडा असतो, मधे अंतर असतं.

मुक्ता_कोथरूड
कठड्यापलीकडचा रंग तुमचा, मला काहीच अडचण नाही. फोटो काढणाऱ्यांचंही पटलं, त्यात माझे सख्खे दादा-वहिनी होते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे वाढदिवस आहे. त्याच जोकरला बोलावतेय. रंग न लावता या, मुलांसोबत आधी खाऊन घ्या आणि मग त्यांच्यासमोरच आरसा धरून चेहरा रंगवा, असं त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ताई, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं." पैसे पूर्ण देणार आहे. टेबलाखालची जागाही मोकळी ठेवणार आहे.