साउथ माउंटन पार्कात परत गेलात का? अनुभव सांगा

फिनिक्समध्ये राहणारे किंवा कधीकाळी राहून गेलेले, साउथ माउंटनला बऱ्याच वर्षांनी परत कोण कोण गेलं? पार्क 16 हजार एकरांपेक्षा मोठं आहे, त्यामुळे नुसतं "जाऊन आलो" नको, कुठल्या ट्रेलहेडवरून (पायवाट सुरू होते ती जागा) चढलात तेही लिहा. सुरुवात मी करते.

नऊ वर्षांनी पीमा कॅन्यन. तेव्हा लेक माझ्या पाठीवर कॅरियरमध्ये होता, आता तो पुढे आणि मी धापा टाकत मागे. सुरुवातीचा रुंद मातीचा रस्ता किती कंटाळवाणा आहे हे विसरलेच होते, दगडी रमाडे (सावलीचे मांडव) मागे पडले की सावलीचं नाव नाही, पण नॅशनल ट्रेलवरून हिडन व्हॅलीत शिरलं की सगळं माफ. फॅट मॅन्स पासच्या फटीतून तेव्हा सहज गेलेले, यंदा आडवी होऊन, श्वास रोखून, आणि लेक पलीकडून व्हिडिओ काढतोय! दगड आहेत तेवढेच आहेत हो.

*

आम्ही टेलिग्राफ पास, आईबाबांना घेऊन. पहिला तुकडा पक्का बांधलेला आहे म्हणून निवडला. मी आधी तिथे पळायला जायचो, कानात गाणी, त्यामुळे इथल्या प्राचीन होहोकाम लोकांची दगडावर कोरलेली चित्रं इतक्या वेळा ओलांडूनही नीट बघितलीच नव्हती. बाबा तिथे जे थांबले ते हलेचनात. लूप 202 महामार्ग मात्र खटकला. 2019 च्या डिसेंबरात सुरू झाला, पार्कच्या पश्चिम टोकाचे कडे कापून नेलाय. सोयीचा आहे, मीही रोज वापरतो, तरी.

*

मॉर्मन ट्रेल, मे महिना, सकाळी दहा. मूर्खपणा होता. दोघांत दोन बाटल्या, अर्ध्या वाटेत संपल्या, वर चोया निवडुंगाचा काटेरी गोळा पोटरीला चिकटला तो मी हाताने काढायला गेले, मग हातालाही. एका आजोबांनी खिशातून कंगवा काढला आणि झटक्यात उडवला. यंदा जानेवारीत गेले तर कंगवा घेऊन, आणि निम्मं पाणी संपलं की मागे फिरायचं हे आधीच ठरवून. हल्ली अतिउष्णतेचा इशारा असला की काही ट्रेल्स दिवसा बंदच ठेवतात, बरं करतात.

*

कंगव्याला +1. पावसानंतर जा, क्रिओसोटच्या झुडपांचा वास येतो. आणि नारिंगी शेपटीचा चकवाला सरडा दिसला तर फोटो टाका, मला तीन फेऱ्यांत एकदाही दिसला नाही.