'करी'ला कोल्हापुरात काय म्हणायचं?

राजारामपुरी:
भावाच्या कामाच्या ओळखीतले जर्मन पाहुणे आमच्याकडं जेवायला येणार आहेत. फोनवर त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज करीच खाता ना? फार तिखट असते का?" भारतातलं सगळं जेवण म्हणजे करी आणि करी म्हणजे तिखटजाळ, अशी त्यांची पक्की समजूत आहे. आपल्याकडं 'करी'ला नेमका शब्द कुठला? रस्सा, कालवण, आमटी, कोरड्यास यांत फरक काय?

शाहूपुरी:
ताई, एकच असा शब्द नाही. 'करी' मुळात तमिळ 'कऱि', पोर्तुगीजांमार्फत ती इंग्रजांकडं गेली. १७४७ साली लंडनला छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची करी दिलेली आहे. पुढं डबाबंद करी पावडर आली आणि डाळीचं, भाजीचं, मटणाचं सगळं एका नावाखाली गेलं. ती पावडर कढीपत्त्याची असते असंही बाहेर बऱ्याच जणांना वाटतं, कारण इंग्रजीत त्याला करीचं पान म्हणतात. खरं तर त्या पावडरीत मुख्यतः धने, हळद, जिरं, मेथी.

कागल:
कोरड्यासबद्दल मी सांगतो. कोरडी भाकरी घशाखाली उतरायला तिच्याबरोबर जे लागतं ते कोरड्यास. म्हणजे 'कोरड्याला' हेच रूप नाम होऊन बसलं. आमच्या गल्लीत अजून बायका एकमेकींना विचारतात, "आज कोरड्यास काय केलंयस गं?" उत्तर काहीही येईल: पिठलं, मेथीची भाजी, वाटाण्याचा रस्सा. पदार्थ पातळ की सुका, याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही, भाकरीशी आहे. कालवण मात्र पातळच हवं, भाकरी कुस्करून त्यात कालवायची म्हणून. कोकणात कालवण म्हटलं की बहुतेकांना माशाचं आठवतं, आमच्याकडं आख्ख्या मसुराचंही कालवणच. रस्सा म्हणजे मसाल्याचा, पळीवाढा. आमटी डाळीची, कडधान्याची. पोरं हल्ली सगळ्यालाच 'भाजी' म्हणतात, ऐकून वाईट वाटतं. हे शब्द घरात बोलले तरच टिकतील.

गडहिंग्लज:
यात 'चटणी' पण घ्या. परदेशात चटणी म्हणजे बाटलीतला गोड आंबा, साखर आणि व्हिनेगर घातलेला. पुण्याकडं चटणी वाटणाची. आपल्याकडं "चटणी टाक" म्हटलं की कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात त्याची वर्षभराची बेगमी होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला आमच्या शेजारची संकेश्वरी. मिरच्या कडक वाळवायच्या, देठं खुडायची, खोबरं, तीळ, धने, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, कांदा तळायचा आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. डंकाच्या दारात नंबर लावून बसलेल्या बायकांचे पदर नाकाला असतात. ताज्या चटणीचा तो वास ज्यानं घेतलाय त्याला डब्यातल्या पावडरीचं कौतुक वाटणार नाही.

शाहूपुरी:
तिखटाचं उत्तर राहिलं. मिरची आपली नव्हेच, अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी, आल्याचा. 'मिरची' हे नावसुद्धा मिरीच्या 'मरिच'वरून पडलं. त्यामुळं तिखटजाळ जेवण ही हजारो वर्षांची भारतीय ओळख, हे काही खरं नाही. आणि 'कोल्हापुरी' म्हणजे नुसतं लाल तिखट, हा गैरसमज परदेशातच कशाला, मुंबईतही आहे. हॉटेलातलं 'व्हेज कोल्हापुरी' आमच्या घरात कधी शिजलं नाही. पाहुण्यांना आधी पांढरा रस्सा द्या. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, खडा मसाला. लाल तिखटाचा कणही नाही, आणि तो तांबड्याइतकाच कोल्हापूरचा आहे.

राजारामपुरी:
सर्वांचे मनापासून आभार. पांढरा आणि तांबडा शेजारी शेजारी वाढते, नावं सांगते, 'करी' शब्द वापरतच नाही. आता एकच शंका. मिसळीचा कट आणि कटाची आमटी, हा 'कट' एकच का?

कागल:
वापर वेगळा, पोरी. मिसळीचा कट म्हणजे वर तवंग आलेला झणझणीत रस्सा, ज्याला दुसरीकडं तर्री किंवा सँपल म्हणतात. कटाच्या आमटीतला कट म्हणजे पुरणासाठी शिजवलेल्या हरभरा डाळीचं निथळून काढलेलं पाणी. पाहुणे सणाला येणार असतील तर पुरणपोळीबरोबर तीही कर.