'घुसखोर', 'उपरा' की आणखी काही?

खाडीकाठ
मालवणजवळच्या एका जेटीवर लावायच्या फलकाचा मजकूर मराठीत करते आहे. जहाजाच्या बुडाला चिकटून किंवा त्याच्या टाक्यांतल्या पाण्यातून परमुलखातले शिंपले, शेवाळं येतात, इथे माजतात आणि इथल्यांना जागा उरत नाही, असा विषय. या जीवांना मी 'घुसखोर प्रजाती' म्हटलं. कच्चा मजकूर एका रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या) काकांना वाचायला दिला, तर पहिल्याच ओळीला म्हणाले, "बरा केलंस! ट्रॉलरवाल्यांचा कोणीतरी लिवक होयाच होता." त्यांचं चुकलं नाही. इथल्या पेपरात घुसखोरी येते ती परराज्यातल्या ट्रॉलरचीच. 'आक्रमक' लिहावं तर शिंपला अंगावर धावून येतोय असं वाटतं. शब्द सुचवा.

जुनीपोथी
'उपरा' घ्या. जुन्या कागदपत्रांत मिरासी आणि उपरी अशी कुळांची जोडीच आहे. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित, उपरी बाहेरून येऊन कसणारा. घरचा शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

शिवलीभात
अर्थ जुळत नाही. उपरी कूळ मिरासदाराला हुसकून लावत नव्हतं. शिवाय माझे वडील घाटावरून देवगडात मास्तर म्हणून आले आणि तीस वर्षं शिकवूनही काही घरांत 'उपरे'च राहिले. तो शब्द मला जेटीवर रोज वाचायचा नाही.
आणि उपरं कोण? आपण खडकावरून खरवडून आणतो ते शिनाणे, म्हणजे हिरवे शिंपले, १९९० मध्ये त्रिनिदादला सापडले, १९९९ मध्ये फ्लोरिडात टॅम्पाच्या आखातात. तिथल्या वीजकेंद्राच्या पाणी ओढणाऱ्या नळांत ते दाटले होते. त्याच बाजूचा कॅरिबियन शिंपला गेल्या शतकातच मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत येऊन बसलाय. आपले शिनाणे तिकडचे घुसखोर!

करवंद
रानमोडी हा शब्द कोणत्या समितीने दिला? रान मोडते ती रानमोडी. बाहेरून आलेलं झुडूप, पण लोकांनी ते कुठून आलं हे न बघता काय करतं ते बघून नाव ठेवलं. तसंच 'दर्यामोडी' म्हणा.

जुनीपोथी
रानमोडी हे एका झुडपाचं नाव आहे, वर्गाचं नव्हे. उद्या गाजरगवतालाही रानमोडी म्हणाल.

करवंद
आमच्या वाडीत म्हणतातच. वापरतात तोच शब्द.

रापण
एक गोष्ट सुटते आहे. तारलीला काय म्हणणार? ती पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाची. पाणी तापत गेलं तशी उत्तरेकडे पसरली. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं वरचं पाणी सरासरी १ अंशाने तापलंय. तारलीला कोणी जहाजातून आणलं नाही, ती आपल्या पायांनी आली. तिला आणि त्या शिंपल्याला एकाच शब्दात कोंबू नका. तिच्यासाठी 'सरकलेली' पुरे.

शिवलीभात
तारली म्हणजे पेडवे ना?

रापण
नाही. पेडवे लहान, काटेरी, चव वेगळी. तारलीला तेल सुटतं, तव्यावर टाकली की कळतं.

शिवलीभात
आमच्याकडे दोन्हीला पेडवेच म्हणतात. आई आजही तसंच म्हणते.

जुनीपोथी
मूळ मजकुरातल्या 'टाक्यांतल्या पाण्या'बद्दल. त्याला बॅलास्ट लिहू नका, 'नीरम' असा आपला शब्द आहे. गलबत रिकामं परतताना डोलू नये म्हणून तळाशी भरायचं वजन. २०१७ पासून जहाजांनी हे पाणी कसं सोडायचं याचा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. त्याच्या मराठीत 'नीरमजल' शोभेल.

करवंद
नीरम म्हणजे दगड! आजोबा गलबतावर होते. ते 'नीरम भरला' म्हणत तेव्हा धोंडेच भरलेले असत. पाण्याला नीरम कसं म्हणायचं?

जुनीपोथी
काम तेच, वस्तू बदलली.

खाडीकाठ
फलक सोमवारी रंगवायला द्यायचा आहे, पण करवंद, हे आधी सांगा. आमच्या विजयदुर्गच्या घराच्या पाणंदीत काळेभोर, गुळगुळीत धोंडे बसवलेत. आजूबाजूला सगळा जांभा. आजी त्यांना 'गलबतातले' म्हणायची. ते नीरमाचेच असतील का?

करवंद
असतील. कडा झिजलेल्या आहेत का बघा. आजोबा सांगायचे, खलाशी एकमेकांच्या हातांत देत धोंडे उतरवायचे, म्हणून एका माणसाला पेलेल एवढेच घेत.

खाडीकाठ
झिजलेल्या आहेत. एकावर भोकंही आहेत, बारीक, सुईच्या जाडीची.

रापण
भोकांचा फोटो टाका. दगडात घर करणारे शिंपले असतात.