सततचा थकवा आणि रक्ताचे रिपोर्ट : तुमचे अनुभव लिहा

रात्रभर झोप होऊनही सकाळी अंग उचलत नाही. एक मजला चढलं की कठडा धरून उभं राहावं लागतं. कणीक मळायची म्हटली तरी हात गळून जातात. एखाद्या दिवसाची दमणूक सगळ्यांनाच होते; मी बोलतेय ती आठवडेच्या आठवडे न हटणाऱ्या थकव्याबद्दल. घरात त्यावर 'वय झालं', 'जागरणं कमी कर', 'बीट खा' एवढंच ऐकायला मिळतं. कधीतरी रक्त तपासलं जातं, एखादा आकडा कमी निघतो, गोळ्या सुरू होतात आणि शोध संपतो. तो तिथे संपू नये असं मला कळकळीनं वाटतं, म्हणून हा धागा.

नुसता आकडा लिहू नका. तपासणी कुणी आणि काय बघून सुचवली, आकडा कमी का झाला होता, उपचारानं थकवा खरंच गेला का, तेही लिहा. औषधांचे डोस मात्र नकोत. वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करायला नको.

माझ्यापासून सुरू करते. मी नाशिकची, शाळेत शिकवते. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे बाईमाणसासाठी नॉर्मलच्या काठावर. 'रक्त ठीक आहे' असं मला दोन ठिकाणी सांगितलं गेलं. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी त्याच कागदावरच्या एमसीव्हीवर बोट ठेवलं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान. ते ८० च्या वर हवं, माझं ७६ होतं. पेशी लहान का, म्हणून त्यांनी फेरिटिन करायला सांगितलं. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. माझं ६ निघालं. १५ च्या खाली साठा संपल्यातच जमा. मग त्यांनी पाळीबद्दल इतकं बारकाईनं विचारलं, जितकं आजवर कुणीच विचारलं नव्हतं : पॅड किती तासांनी बदलता, गाठी जातात का, रात्री उठावं लागतं का. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, दिसला. लोहाच्या गोळ्या मी महिनोन्‌महिने घेतल्या, चहा त्यांच्यापासून लांब ठेवला, आणि फायब्रॉइडवर वेगळे उपचार झाले. गोळ्यांनी दम लागणं लवकर थांबलं, पण साठा भरायला फार वेळ लागला. हिमोग्लोबिन सुधारल्यावर लगेच गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी आजूबाजूला खूप पाहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. माझ्यासारख्या, हिमोग्लोबिन टिकलेलं पण साठा रिकामा असलेल्या, त्यात मोजल्याच जात नाहीत.

कोल्हापूर, नियमित रक्तदाता

ताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. पुरुषांचं फेरिटिन सहसा कुणी बघतच नाही. मी कॉलेजपासून रक्तदान करतोय. नियमाप्रमाणे पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं आणि मी एकही शिबिर चुकवत नव्हतो. शिबिरात हिमोग्लोबिन बघतात, साडेबाराच्या वर असलं की झालं. माझं १३.८ असायचं. तालमीत मात्र पूर्वीचा दम राहिला नव्हता. फेरिटिन ९ आलं. एका बाटलीमागं शरीरातलं दोनशे मिलीग्रॅमच्या वर लोह जातं आणि जेवणातून ते भरून यायला कित्येक महिने लागतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रक्तदान सोडलेलं नाही, सोडणारही नाही. मधलं अंतर वाढवलंय आणि वर्षातून एकदा फेरिटिन बघतो. रक्तपेढ्यांनी नेहमीच्या दात्यांना हे आपणहून सांगायला हवं.

सातारा जिल्हा, सुनेनं लिहिलेलं

माझे सासरे सत्तरीच्या घरात, सगळं आयुष्य शेतीत. सकाळी मळ्यात जाऊन आले की भिंतीला टेकून बसायला लागले. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आम्ही खजूर, गूळ, नाचणी सुरू केली. आकडा साडेदहापर्यंत चढला, घरात सगळ्यांना बरं वाटलं. गोळ्या संपल्या आणि काही महिन्यांत आकडा पुन्हा खाली. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच.

माझ्या नणंदेनं त्यांना साताऱ्याला फिजिशियनकडं नेलं. फेरिटिन अगदीच कमी होतं. डॉक्टर म्हणाले, "बाईला पाळी असते, बाळंतपणं असतात. यांना त्यातलं काही नाही. मग लोह जातंय कुठं? ते सापडल्याशिवाय नुसत्या गोळ्या मी देणार नाही." शौचाची तपासणी केली, डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडलं. मग दुर्बिणीची तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ मिळाली. कॅन्सरची होती.

सासऱ्यांना पोटदुखी नव्हती, शौचाला रक्त दिसलं नव्हतं, भूकही बरी होती. उजव्या बाजूची गाठ अशीच गुपचूप झिरपत राहते, असं सर्जननी समजावलं. थकवा हे एकच लक्षण होतं आणि ते आम्ही वयाच्या खात्यात टाकलं होतं. ऑपरेशन झालं, गाठ आतड्याबाहेर पसरलेली नव्हती. आता ते पुन्हा मळ्यात जातात. माझ्या नवऱ्याला आणि दिरालाही दुर्बिणीची तपासणी सांगितली होती, ती करून घेतली.

वडीलधाऱ्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर "का?" हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका, ही माझी हात जोडून विनंती.

पुणे

आमचं घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. थकव्यासोबत तळपायांना मुंग्या, जीभ लाल आणि हुळहुळी, आणि बोलता बोलता शब्द न आठवणं. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, स्वच्छ होता, म्हणून ताण असेल असं म्हणाले. मुंग्यांबद्दल ऐकल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी बी-१२ पाहिलं : १३४. दोनशेच्या खाली कमतरता धरतात. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असलं तर एकामुळे पेशी लहान, दुसऱ्यामुळे मोठ्या, आणि सरासरी अगदी बरोबर येते. माझ्या बाबतीत तेच झालं होतं. इंजेक्शनांनी थकवा लवकर हटला, मुंग्यांना बराच काळ लागला.

पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं बी-१२ वर वर्षानुवर्षं काम केलंय. आपल्याकडे ही कमतरता किती सर्रास आहे ते त्यातून पुढे आलं. माझ्या आईलाही तपासायला लावलं, कारण ती मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते आणि त्यानंही बी-१२ घटतं. एक सांगते : तपासणीच्या आधी कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन टोचून घेऊ नका. नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. आणि नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

उल्हासनगर

आम्ही सिंधी, पण शाळा मराठी. लहानपणापासून 'रक्त कमी' म्हणून लोहाचं टॉनिक. एमसीव्ही ६४, पण तांबड्या पेशींची संख्या भरपूर, ५९ लाखांच्या आसपास. लोहाच्या कमतरतेत संख्याही उतरते, इथे उलटं होतं. फेरिटिन उत्तम. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत एचबीए२ हा प्रकार जास्त, ५.२ आला : थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराची वाहक. म्हणजे इतकी वर्षं लोह विनाकारण गेलं. आमच्या समाजात, तसंच लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत हे प्रमाण जास्त आहे. पती-पत्नी दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून धाकट्या बहिणीची तपासणी लग्न ठरायच्या आधी केली. माझ्या थकव्याचं कारण मात्र मायनर नव्हतंच. डॉक्टरांनी माझ्या रात्रपाळ्यांचा तक्ता मागितला तेव्हा ते समोर आलं.

नंदुरबार, परिचारिका

आमच्या भागात थकवा, सांधेदुखी आणि पिवळसर डोळे घेऊन मूल आलं की आधी सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बघायचा. सोल्युबिलिटी ही पहिली, साधी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. ती वाहकातही पॉझिटिव्ह येते. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस झाल्यावरच एएस (वाहक) की एसएस (आजार) ते कळतं. वाहकाला सहसा त्रास नसतो. घरचे मात्र तेवढ्यावर घाबरून मुलीची शाळा बंद करतात, ते बघवत नाही.

म्हापसा, गोवा

बाळंतपणानंतर मी सुजत चालले होते. केस पुंजक्यानं गळत, थंडी वाजे, बाळाला उचलतानाही दमत होते. 'बाळंतिणीचं असंच असतं' असं सगळ्या म्हणत. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की वाढणारा आकडा, ३८ निघालं. साधारण चारच्या आसपासपर्यंत ठीक मानतात. थायरॉइडची गोळी सुरू झाली, दोनेक महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा फारसा उतरला नव्हता. डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी माझी सकाळ विचारली : गोळी, मग लगेच चहा आणि सोबत कॅल्शियम. कॅल्शियम आणि लोह या गोळीला शोषूच देत नाहीत, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. वेळा बदलल्या, डोस तोच ठेवला, आणि आकडा जागेवर आला.

छत्रपती संभाजीनगर, लॅब टेक्निशियन

रक्त काढणाऱ्याच्या बाजूनं थोडं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे त्यानं चुकतात. ताप किंवा कुठलाही संसर्ग असताना फेरिटिन करू नका, ते खोटं चढतं आणि कमतरता झाकली जाते. हेच कारण असल्यानं फेरिटिनसोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) मागणारे डॉक्टर मला आवडतात. सीबीसी, टीएसएच किंवा बी-१२ साठी उपाशी राहायची गरज नसते. तरी वयस्कर माणसं सकाळपासून पाणीसुद्धा न पिता येतात, चक्कर येते, आणि शीरही सापडत नाही. पाणी पिऊन या.

पॅकेजबद्दल मला मनापासून सांगायचंय. बहुतेक तपासण्यांची नॉर्मल चौकट ९५ टक्के निरोगी माणसं आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे विसातला एक निरोगी माणूस बाहेर पडणारच. सत्तर तपासण्यांचं पॅकेज केलं तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टमध्येही दोन-तीन ठळक आकडे निघतात. लोक रडवेले होऊन काउंटरवर येतात. त्यापेक्षा डॉक्टरांनी विचारपूस करून लिहिलेल्या सहा-सात तपासण्या जास्त सांगतात.

लेस्टर, इंग्लंड

इथे जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, थकव्यासाठी पाठवलेल्या तपासण्यांत टीटीजी म्हणून एक होती. तीच पॉझिटिव्ह आली : सिलिॲक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, मग कितीही लोह खा, अंगी लागत नाही. पोट कधी बिघडलं नव्हतं, त्यामुळे मला स्वतःला कधीच शंका आली नसती. गहू सोडून मग तपासायचं नसतं, तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. एंडोस्कोपी होईपर्यंत मला पोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. आता ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकऱ्या. सोलापूरच्या आईकडून त्या नीट शिकून घेतल्या.

आणखी एक : इथे ड जीवनसत्त्व नॅनोमोलमध्ये देतात, भारतात नॅनोग्रॅममध्ये. आईशी आकडे ताडताना इथल्याला अडीचनं भागावं लागतं. माझे ४० म्हणजे तिचे १६.

नवी मुंबई

सगळे रिपोर्ट नॉर्मल. बायकोनं डॉक्टरांना सांगितलं की झोपेत माझा घोरता घोरता श्वास थांबतो. स्लीप स्टडी झाली, स्लीप ॲप्निया. मशीन लावून झोपतो, दुपारी गाडी चालवताना आता डोळे मिटत नाहीत.

सांगली, जनरल प्रॅक्टिस

मी सुरुवातीला सीबीसी, ईएसआर (शरीरातला दाह), साखर, टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत) आणि साधी लघवी करतो. फेरिटिन आणि बी-१२ बहुतेकांना लागतंच. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर, वाचताना रक्तक्षय आहे का ते आधी बघतो, कारण लोह कमी असेल तर ते उगाच वर दिसतं. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, रात्री घामानं कपडे भिजतात, असं असेल तर महिनाभर टॉनिक घेऊन बघू नका.

एक रुग्ण लक्षात राहिलाय. थकलेला, रक्तदाब कमी, लोणचं मीठ लावून खाणारा. त्वचा आणि तळहाताच्या रेषा काळवंडलेल्या. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. पूर्वी टीबी होऊन गेला होता. सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींचं संप्रेरक, केलं, अगदी तळाला. ॲडिसनचा आजार : टीबीनं मूत्रपिंडांवरच्या या ॲड्रिनल ग्रंथी खाल्ल्या होत्या. कॉर्टिसॉल कुठल्याच पॅकेजमधून माझ्याकडे आलं नसतं. ते तळहात बघितल्यामुळे लिहिलं गेलं.

नाशिक रोड

माझं कारण रक्तात सापडलेलं नाही, तरी लिहिते. कोविडनंतर सुरू झालं. आज बाजारात चालत जाऊन आले तर त्रास परवा होतो, आणि मग दोन-तीन दिवस अंथरुणात. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं तपासून झालं, कॉर्टिसॉलसुद्धा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की या आजाराला ठरवणारी रक्ततपासणी आज नाही, बाकीची कारणं वगळूनच तिथे पोचायचं. 'रिपोर्ट चांगले आहेत, मग झालंय काय' हे ऐकून फार लागतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही, त्याचा मोठा आधार आहे. सध्या वहीत रोजचं काम आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा त्रास लिहून ठेवते, आणि अंगाला झेपेल त्याच्या थोडं आतच थांबते. व्यायाम वाढवा असा सल्ला कृपया देऊ नका, त्यानं मी दोनदा खूप खाली गेले आहे. नाशिक किंवा मुंबईच्या बाजूला असे रुग्ण समजून घेऊन बघणारे कुणी डॉक्टर माहीत असतील तर जरूर कळवा.