मदत हवी आहे: वार (प्लॅसेंटा) खाली आहे, डोहाळजेवणाला गावी न्यावं का?

सह्याद्री_८८: बायकोची वार खाली आहे म्हणून सांगितलंय. सासूबाईंनी रविवारी माहेरी डोहाळजेवण धरलंय, पाहुण्यांना फोनसुद्धा गेले. पुण्याहून पाटणच्या वर, आपलीच गाडी. न्यायला हरकत नाही ना? डॉक्टर नीट बोलत नाहीत. लवकर सांगा.

मीनाताई: कितवा आठवडा? रिपोर्टात वार गर्भपिशवीच्या तोंडापासून किती सेंटिमीटरवर लिहिलीय?

बंड्या_नाशिककर: काही होत नाही हो. आमच्या हिची पाचव्यात खाली होती, आपोआप वर गेली. पलंगाच्या पायथ्याशी दोन विटा लावा.

मीनाताई: विटांनी वार हलत नसते. पिशवी वाढते तशी ती तोंडापासून लांब जाते, बहुतेकींची सुटका त्यानेच होते. तोंडच झाकलेलं असेल तर भरवसा नाही.

बंड्या_नाशिककर: तुम्ही डॉक्टर का?

मीनाताई: लेबर रूमची सिस्टर. रिटायर्ड.

कुंदावहिनी: नारळपाणी द्या रोज. रविवारी अमावास्या नाही ना, बघा.

सह्याद्री_८८: २९ वा. 'अँटिरियर, कव्हरिंग ऑस' एवढंच लिहिलंय. प्रवासाचं सांगा ना.

प्रवासी_पक्षी: खंबाटकीला रविवारी जाम असतो. पहाटे निघा.

मीनाताई: थांबा हो जरा. पहिलं बाळंतपण कसं झालं?

सह्याद्री_८८: सीझर. त्याचा इथे काय संबंध?

मीनाताई: सगळा तोच संबंध. वार पुढून आहे आणि तोंड झाकतेय (तेच 'कव्हरिंग ऑस'), म्हणजे सीझरच्या जुन्या टाक्यावर असू शकते. तिथे ती पिशवीत रुतू शकते, मग बाळ निघाल्यावर सुटत नाही. अमेरिकेतल्या २००६ च्या मोठ्या अभ्यासात, आधी एक सीझर आणि आता वार तोंडावर, अशा शंभरात अकराजणींची रुतलेली निघाली. रक्त धो धो जातं, कधी पिशवी काढावी लागते. डॉक्टरांना विचारा, वार टाक्यावर आहे का, डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलं का. बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलातच.

कुंदावहिनी: आतून सोनोग्राफी करू देऊ नका, त्यानेच रक्त जातं.

मीनाताई: आतली सोनोग्राफी चालते, उलट अंतर तिच्यातच नीट कळतं. हात घालून तपासणी नको. रक्त गेलंय का कधी?

सह्याद्री_८८: परवा थोडं लाल गेलं. दुखत नव्हतं, म्हणून फोन नाही केला.

मीनाताई: न दुखता लाल जाणं हेच याचं लक्षण! ब्लड ग्रुप?

सह्याद्री_८८: बी निगेटिव्ह.

मीनाताई: अहो! निगेटिव्ह ग्रुप असेल तर रक्त गेल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांत द्यायचं असतं. आत्ता दवाखान्यात न्या, धागा नंतर बघा.

प्रवासी_पक्षी: मग रविवारचं रद्द का?

बंड्या_नाशिककर: माझा मेहुणा बी निगेटिव्ह आहे, हडपसरला असतो. नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो, लागलं तर थेट फोन करा.