तात्पुरती म्हणून बांधलेली गाडी: ब्रिटनची डिझेल एचएसटी शहाणपणा की पळवाट? (रेल्वेप्रेमींच्या मंचावरचा धागा; प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रूळबदल

यॉर्कच्या उत्तरेला नॉर्थॲलर्टन आणि थर्स्क अशी दोन स्टेशनं आहेत. मधला रूळ चांगला सरळ. १२ जून १९७३ रोजी तिथे एक डिझेल गाडी ताशी १४३.२ मैलांनी, म्हणजे २३०.५ किलोमीटरने धावली. डिझेलवर तोवर कुणीच एवढा वेग गाठला नव्हता. गाडी अजून नमुनाच होती. दोन टोकांना दोन इंजिनं, ४१००१ आणि ४१००२, आणि मधे मार्क ३ डबे. हीच ब्रिटिश रेलची, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेची, एचएसटी (हाय स्पीड ट्रेन). पुढे ती इंटरसिटी १२५ म्हणून घराघरात पोचली.

ब्रिटिश रेलचा लाडका लेक मात्र दुसराच होता. एपीटी (ॲडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन), वळणावर कलणारी गाडी. ताशी अडीचशे किलोमीटरचं स्वप्न, हाताशी विमानांच्या धंद्यातून आलेले इंजिनिअर. ती काही वेळेत येईना, आणि तिकडे मोटरवे पसरत चालले होते. तेव्हा टेरी मिलर या मुख्य अभियंत्याने सुचवलं की तोवर माहितीतल्या तंत्रातून एक गाडी करून टाकू. १९७० ला मंजुरी मिळाली आणि १९७२ च्या उन्हाळ्यात क्रू या गावातल्या कारखान्यातून इंजिनं बाहेरसुद्धा पडली.

मला या गाडीचं कौतुक वेगासाठी नाही. तिथल्या सिग्नलची अंतरं ताशी १०० मैलांच्या हिशेबाने लावलेली होती. सिग्नल हलवायचे तर वर्षंच्या वर्षं आणि अफाट खर्च. म्हणून यांनी प्रश्नच उलटा घातला: आहे त्या अंतरात थांबता येईल असा सगळ्यात जास्त वेग कोणता? डिस्क ब्रेक लावून उत्तर आलं १२५ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर. रुळाचंही तसंच. एकच अवजड इंजिन लावलं असतं तर त्या वेगाला रूळ ठेचून निघाला असता. म्हणून ताकद दोन टोकांना वाटली, प्रत्येकी सत्तर टन आणि २२५० अश्वशक्ती. मोटरी आसावर न लादता बोगीच्या चौकटीला टांगल्या.

एपीटी कधी सुरूच केली नसती तरी ब्रिटनचं फारसं बिघडलं नसतं, असं माझं मत आहे. घ्या तुटून पडायला!

कॅटेनरी

घेतलं. माहिती उत्तम, निष्कर्ष चुकीचा.

१९७२ सालीच फ्रान्समध्येही एक नमुना रुळावर आला होता, टीजीव्ही ००१. तीही विजेवरची नव्हती, गॅस टर्बाइनची होती. त्या डिसेंबरात तिने ताशी ३१८ किलोमीटर गाठले. पुढच्याच वर्षी तेल भडकलं. फ्रेंचांनी टर्बाइन बाजूला ठेवलं, वीज धरली, नवा मार्ग बांधला आणि १९८१ ला पॅरिस–लिआँ सुरू केलं. ब्रिटन काय करत होतं? डिझेलच्या विक्रमाच्या टाळ्या मोजत होतं.

तात्पुरती गाडी इतकी चांगली निघाली की तारा ओढायची निकड कुणाला वाटलीच नाही. लंडन–ब्रिस्टल हा एचएसटीचा पहिला मार्ग. ब्रिस्टल टेंपल मीड्सपर्यंतचं विद्युतीकरण २०१६ ला पुढे ढकललं, ते ढकललेलंच आहे. २०१७ पासून तिथे ज्या नव्या गाड्या आल्या, त्या तारेखाली विजेवर आणि तार संपली की पोटातल्या डिझेलवर चालतात. म्हणजे पन्नास वर्षांनीही डिझेल पाठीवरून उतरलेलं नाही. या बिलावर तुमच्या मिलर साहेबांची सही आहे.

शेडकरी

डिझेल शेडात जन्म गेला, म्हणून चार शब्द.

आमचं डब्ल्यूडीएम-२ म्हणजे अमेरिकी अल्को कंपनीचं इंजिन. २६०० घोडे, वजन ११२.८ टन, सहा आस, आणि फिरणार मिनिटाला हजार. एचएसटीतल्या या व्हॅलेंटा इंजिनाचे २२५० घोडे, अख्खी पॉवर कार, म्हणजे टोकाची इंजिनगाडी, सत्तर टनांची, चारच आस, आणि इंजिन फिरणार दीड हजार. ज्याने हातात पाना धरलाय त्याला हे वाचूनच घाम फुटेल. इतक्या जोरात फिरणारं मशिन लाड मागतं. पाणी, तेल, टर्बो, सगळ्यावर रोज डोळा ठेवावा लागतो. अल्को म्हशीसारखं, हे म्हणजे शर्यतीचं घोडं. रूळबदल, "माहितीतलं तंत्र" हे तुम्ही फार सहज लिहून गेलात. गाडीचा आराखडा माहितीतला असेल, पण असं इंजिन प्रवासी गाडीत रोज दोनशेने पळवणं कुणाच्या माहितीतलं नव्हतं. शेवटी २००० नंतर व्हॅलेंटा काढून बहुतेक पॉवर कारमध्ये जर्मन एमटीयू बसवलीच ना?

आणि विक्रमाच्या दिवसाचं काय घेऊन बसलात. त्या दिवशी सगळे साहेब हजर, इंजिन न्हाऊमाखू घातलेलं. खरी परीक्षा ५ मे १९७५ पासून झाली, नमुना गाडी लंडनच्या पॅडिंग्टनवरून खऱ्या प्रवाशांना घेऊन धावायला लागली तेव्हा. सकाळी गाडी निघणार म्हणजे निघणार. रात्री शेडात कुणी रडलं का, हे छापून येत नाही.

रूळबदल

काका, दंडवत. "माहितीतलं तंत्र" मागे घेतो. इंजिनापुरतं.

कॅटेनरी, फ्रान्सचा दाखला मला मान्य नाही. त्यांनी पॅरिस–लिआँला नवा मार्ग घातला. सत्तरच्या दशकात ब्रिटिश सरकार रेल्वेला नवा मार्ग सोडा, सिग्नल हलवायला पैसे द्यायला तयार नव्हतं. एचएसटी नसती तर तारा आल्या असत्या, हे तुम्ही गृहीत धरताय. माझ्या मते काहीच आलं नसतं. लोक मोटारीने गेले असते.

लालबावटा

एवढ्या चर्चेत गाडी चालवणाऱ्या माणसाचं नाव कुणी घेतलेलं नाही, म्हणून लिहितो.

गाडी १९७२ ला तयार झाली आणि विक्रम १९७३ च्या जूनमध्ये. मधल्या काळात काय झालं? ड्रायव्हरांच्या ॲस्लेफ या युनियनने गाडीला हात लावायला नकार दिला. नमुन्याची केबिन बघा: गोलसर नाक, समोर लहानशी काच, आणि ड्रायव्हरची खुर्ची एकच, मधोमध. म्हणजे दोनशेच्या वेगाला माणसं किती लागणार हे बोलणी व्हायच्या आधीच सुताराने ठरवून टाकलं होतं. युनियनने बहिष्कार घातला तर पेपरात "प्रगतीच्या आड येणारे" म्हणून मथळे.

त्याचा परिणाम काय झाला तेही सांगा की. प्रत्यक्ष उत्पादनातल्या गाडीला रुंद काच आली, शेजारी दुसरी खुर्ची आली. ते प्रसिद्ध टोकदार नाक केनेथ ग्रेंजचं. त्याला फक्त रंगसंगतीचं काम दिलं होतं, त्याने आपणहून पवनबोगद्यात मॉडेलं तपासून आकारच बदलून दिला. पण त्या नाकामागे दोन माणसांची जागा आहे ती भांडणामुळे. चाचणी नुसती इंजिनाची नसते.

कलंडू

वरच्या प्रतिसादाला जोड. एपीटीच्या प्रायोगिक गाडीचंही हेच झालं. २५ जुलै १९७२ ला ती पहिल्यांदा बाहेर पडली आणि त्याच वादात जवळपास वर्षभर उभी राहिली. म्हणजे हा उशीर दोघींच्या वाट्याला आला. एचएसटीवाले तो आपल्या हिशेबातून वगळतात आणि एपीटीच्या हिशेबात मांडतात.

रूळबदल म्हणतात एपीटी नसती तरी बिघडलं नसतं. तिने १० ऑगस्ट १९७५ ला ताशी १५२ मैल गाठले, म्हणजे तुमच्या विक्रमापेक्षा जास्त, आणि तेही त्याच जुन्या रुळांवर. एचएसटी सरळ मार्गावरची राणी. जुन्या काळच्या अभियंता ब्रुनेलने आखलेल्या पश्चिमेच्या सपाट लाइनवर ती दोनशेने पळेल, पण ग्लासगोच्या वळणावळणाच्या लाइनवर? तिथे डबा कलल्याशिवाय इलाज नाही. एपीटीची पेटंटं फियाटने घेतली, आणि २००२ पासून त्याच लाइनवर ब्रिटनला कलणाऱ्या पेंडोलिनो आणाव्या लागल्या. आपलंच पोर दुसऱ्याच्या घरून वाढवून आणलं.

शेडकरी

कलंडू, डिसेंबर १९८१ ला एपीटीत प्रवासी बसवले तेव्हा काय झालं ते लिहायचं राहिलं. थंडीत ब्रेक गोठले, कलणं अडकलं, आणि थोड्याच दिवसांत गाडी माघारी. एकाच गाडीत नवे ब्रेक, नवं कलणं, नव्या बोग्या. बिघाड नेमका कशात, हे शोधायचं कसं? आमच्या शेडात नियम होता, एका वेळी एकच पार्ट बदला.

कलंडू

काका, या नियमाने वाफेचं इंजिनच अजून चालू असतं.

शेडकरी

बरं झालं असतं. चहा तरी गरम मिळायचा.

गोदाकाठ

मी इंजिनिअर नाही. कसाऱ्याच्या घाटात बँकर (चढावर ढकलायला लावलेलं जादा इंजिन) लागेपर्यंत खिडकीत बसून कंटाळलेला प्रवासी आहे. २०१९ ला सीएसएमटी–निजामुद्दीन राजधानी नाशिकवरून सुरू झाली, आणि तिला दोन्ही टोकांना इंजिनं लावून बँकरसाठी थांबणं टाळलं. २०२३ पासूनच्या अमृत भारतलाही पुढे-मागे इंजिन आहे. विजेवरची, आणि वेगही एचएसटीच्या जवळपास नाही. पण ताकद दोन टोकांना वाटायची, हे तेच झालं ना? आपल्याकडे हे यायला इतकी वर्षं का लागली?

बुलेट ट्रेनबद्दल काही बोलत नाही. इथे भांडण लागेल.

अर्धातिकीट

बुलेट ट्रेन!!!

रूळबदल

अर्धातिकीट, त्यावर वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

गोदाकाठ, साम्य आहे, पण कारण वेगळं. घाटात दुसरं इंजिन चढासाठी लागतं. एचएसटीत ते रुळावरचा मार कमी करायला आणि शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायचा वेळ वाचवायला होतं. राजधानीला मात्र दोन्ही फायदे मिळाले. आपल्याकडची पहिली राजधानी १९६९ ची, हावडा–नवी दिल्ली, डिझेल इंजिन आणि ताशी १२०. तिथेही नवा रूळ नव्हता, आहे त्याच लाइनवर चाचण्या घेत वेग वाढवला. मिलर ज्या अडचणीत होता तीच आपलीही, फक्त आकडे लहान.

कॅटेनरी

आता मुद्द्यावर या. "तात्पुरती" म्हणजे किती वर्षं? ऑक्टोबर १९७६ ला इंटरसिटी १२५ सुरू झाली. लंडनहून सुटणाऱ्या शेवटच्या जुन्या गाड्या सेवेतून गेल्या २०२१ ला. स्कॉटलंडमध्ये त्यानंतरही चालल्या, आणि तिथेच त्याआधी, १२ ऑगस्ट २०२० ला, कारमाँटला अपघात झाला होता. पावसाने रुळावर आलेल्या दगडमातीवर गाडी घसरली, तीन जण गेले. चौकशीत निघालं की गाडी आजच्या सुरक्षा मानकांप्रमाणे बांधलेली असती, तर परिणाम बहुधा इतका वाईट झाला नसता. १९७० च्या कागदावरच्या गाडीत २०२० ची माणसं बसवायची, हा तुमचा शहाणपणा?

रूळबदल

कारमाँटवर युक्तिवाद करणार नाही. ते बरोबर आहे.

पण त्याचा जाब ज्यांनी ती गाडी चाळीस वर्षांनंतरही चालवली त्यांना विचारा. मिलरने ती तोवरची म्हणूनच दिली होती.

शेडकरी

आमच्या शेडाच्या छपराला एक पत्रा तात्पुरता म्हणून ठोकला होता. मी रिटायर झालो तेव्हाही तो होता. गळत नव्हता.

लालबावटा

गळत नव्हता म्हणूनच नवं छप्पर मंजूर झालं नसणार, काका. कॅटेनरी गेले दोन दिवस हेच सांगताहेत.

शेडकरी

बरोबर. तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा साहेब येऊन पत्रा बघून गेले.

रूळबदल

काका, तुम्ही नेमके कुठल्या बाजूने आहात?

जाता जाता लालबावटांसाठी. ४१००१ शाबूत आहे. २०१४ ला हौशी मंडळींनी तिला नवं इंजिन मिळवून पुन्हा चालती केली, कामाचं नाव होतं प्रोजेक्ट मिलर. ४१००२ मात्र १९९० ला भंगारात गेली. केबिन मूळचीच आहे: समोर लहानशी काच, आणि खुर्ची अजूनही एकच.