शब्दचर्चा : भांडणाशिवाय संपलेल्या मैत्रीला काय म्हणावे?

प्रश्न : महाविद्यालयाच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण आणि मी यांच्यात कधीही भांडण झाले नाही. तरीही नोकरी, संसार आणि बदललेली गावे यांत बोलणे कमी होत गेले आणि आता दिवाळीला शुभेच्छांचे एखादे आयते चित्र पाठवण्यापलीकडे काही उरलेले नाही. तिच्याविषयी लिहिताना ‘आमची मैत्री तुटली’ हे वाक्य खरे वाटत नाही आणि ‘ब्रेकअप झाले’ असे लिहवत नाही. अशा वेळी नेमका शब्द कोणता वापरावा?

उत्तर : मैत्री मोडण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही, परंतु त्यांतील बहुतेक शब्दांमागे कलह गृहीत धरलेला आहे. ‘त्यांचे बिनसले’, ‘दोघांचे फाटले’ या प्रयोगांत दोष कोणाचा हे सांगितलेले नसते, ही त्यांची सभ्यता म्हणावी लागेल. तरी काहीतरी घडले आहे, एवढे ऐकणाऱ्याला कळतेच. ‘वितुष्ट’ त्याहून कडवट आहे. ते आपोआप ‘येते’ किंवा तिसरा माणूस ते ‘आणतो’, आणि एकदा आल्यावर सहसा मुक्कामाला राहते. आपल्या बाबतीत यांपैकी एकही शब्द लागू पडत नाही.

‘अबोला’ मात्र वेगळा ठेवायला हवा. अबोला ‘धरतात’ आणि ‘सोडतात’, त्यामुळे तो मैत्रीच्या आतला शब्द आहे. परक्या माणसाशी आपण बोलत नसलो तर त्याला कोणी अबोला म्हणत नाही. लहान मुले करंगळी दाखवून कट्टी करतात, तीही याच जातीची असते, कारण कट्टी करतानाच पुढच्या बट्टीची वाट मोकळी ठेवलेली असते.

‘काडीमोड’ विवाहापुरता आहे. ‘फारकत’ घटस्फोटाला आणि भागीदारीला लागते. जुन्या व्यवहारात ‘फारखत’ म्हणजे आता परस्परांवर दावा उरला नाही, असे लिहून दिलेला कागद. मैत्रीत मुळात कागदच नसतो, म्हणून फारकतीचाही प्रश्न येत नाही. मैत्री संपल्याचे दुःख एवढे अवघड का होते, याचे एक कारण मला येथेच दिसते. लग्न मोडले तर घरचे जवळ येऊन बसतात, कोणी गेले तर सुतक पाळले जाते आणि लोक भेटायला येतात; मैत्रीण हळूहळू आयुष्यातून निघून गेली तर मात्र त्या दुःखाला ना विधी, ना रजा, ना विचारपूस. अशा वेळी निदान नेमका शब्द हाताशी असावा, ही आपली अपेक्षा मला अगदी रास्त वाटते.

रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात, सख्यभक्तीच्या समासात, देवाच्या सख्यासाठी ‘जिवलगांसी तुटी’ पडावी असे म्हटले आहे. तेथील ‘तुटी’ म्हणजे भांडण नव्हे, तर वियोग. आज ‘तूट’ अंदाजपत्रकात जाऊन बसली आहे आणि वियोगाचा अर्थ ‘ताटातूट’ या शब्दात उरला आहे. पण ताटातूट परिस्थितीने आणि बहुधा एका झटक्यात होते. वर्षानुवर्षे विरत गेलेल्या संबंधाला ती शोभत नाही.

माझ्या मते आपला शब्द ‘दुरावणे’ हा आहे. ‘आम्ही दुरावलो’ या वाक्यात दोघीही कर्त्या आहेत आणि दोषी कोणीच नाही. शिवाय ‘ती मला दुरावली’ आणि ‘मी तिला दुरावले’ अशा दोन्ही बाजूंनी ते म्हणता येते. दुसरा प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण ‘पोर आईला दुरावले’ म्हणतो तेव्हा गमावणारे पोर असते. तसेच येथे गमावणारी मी आहे, हे त्यातून उघड होते. ‘तोडली’ हे क्रियापद जिने खरोखर जाणूनबुजून संबंध संपवले तिच्यासाठीच राखून ठेवावे. काही वेळा तसे करणे आवश्यकही असते आणि तेव्हा ‘दुरावलो’ असे गुळमुळीत लिहू नये.

याला जोडून आणखी एक प्रयोग सुचवतो : ‘मैत्रीला जागणे’. मिठाला जागावे, शब्दाला जागावे, तसेच मैत्रीलाही जागावे. मैत्री ‘टिकवणे’ किंवा ‘निभावणे’ यांना दोघांची गरज लागते. जागणे एकट्यानेही होते आणि येणेजाणे थांबल्यावरही होते. रात्री दिवे मालवल्यानंतर खोलीत तिने आपल्याला जे सांगितले असेल, ते आजही आपल्याजवळच राहिले, तर ‘मी तिला दुरावले, पण मैत्रीला जागले’ हे वाक्य आपण निःसंकोच लिहू शकता.

प्रश्नकर्तीची पुन्हा विचारणा : आभारी आहे, लेखात हाच प्रयोग करीन. मग तिचा उल्लेख ‘माजी मैत्रीण’ असा करावा का?

उत्तर : करू नये. ‘माजी’ हे विशेषण पदाला लागते, जसे माजी आमदार किंवा माजी अध्यक्ष. मैत्री हे पद नाही. ‘एकेकाळची मैत्रीण’ यात थोडी तक्रार ऐकू येते. ‘वसतिगृहातली मैत्रीण’ असे लिहावे. ओळख कोठली ते त्यातून कळते आणि ती संपली की नाही, हे वाचकाला सांगण्याचे बंधन आपल्यावर राहत नाही.